बोलणें ऐकण्याची विद्या

घरीं पाहुणा येतो. बसावयास सांगून होतें, पाणी दिलें जातें, हवापाण्याच्या गोष्टी निघतात आणि मग यजमान विचारतात, “चहा घेणार ना?” तोच पाहुणा दुसऱ्या घरीं गेला असतां प्रश्न येतो, “चहा घेणार का?” तिसऱ्या घरचे गृहस्थ म्हणतात, “आपण चहा घेऊनच निघालां असाल!” व्याकरणाच्या दृष्टीनें तिन्ही वाक्यें निर्दोष आहेत, आणि विषयहि एकच आहे. तथापि पहिल्या घरीं आधण चढलेंच आहे, दुसऱ्या घरीं तें पाहुण्याच्या धीटपणावर अवलंबून आहे आणि तिसऱ्या घरीं तर आशाच नाहीं, हें समजण्यासाठीं कोणत्याहि पाहुण्यास शब्दकोश उघडावा लागत नाहीं.

असें ज्ञान प्रत्येकाजवळ असतें, परंतु त्याची फोड करून सांगा म्हटलें कीं भलेभले अडखळतात. ही फोड करणारें एक शास्त्र गेल्या सात दशकांत वाढीस लागलें आहे. इंग्रजींत त्यास ‘डिस्कोर्स ॲनॅलिसिस’ म्हणतात; मराठींत ‘संभाषिताचें विश्लेषण’ असें म्हणतां येईल. मात्र ‘संभाषित’ या शब्दांत केवळ दोघांचें बोलणें नव्हे, तर वृत्तपत्रांतील बातमी, कचेरींतील टिपण, डॉक्टरांनीं रोग्याची केलेली विचारपूस, वर्गांतील प्रश्नोत्तरें, सभेंतील भाषण हें सर्व धरावयाचें. या शास्त्राची ओळख करून देणें, आणि तें शिकूं इच्छिणाऱ्यास कोणत्या वाटेनें जावें लागतें हें सांगणें, एवढाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम थोडा इतिहास. झेलिग हॅरिस या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें १९५२ सालीं ‘लँग्वेज’ या नियतकालिकांत याच नांवाचा लेख लिहिला. व्याकरण वाक्याशीं येऊन थांबतें. परंतु वाक्याच्या पलीकडे, सलग मजकुरालाहि रचना असते, हा त्याचा मुद्दा. पुढें १९५५ सालीं ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनीं हार्वर्ड विद्यापीठांत व्याख्यानें दिलीं. बोलणें म्हणजे नुसतें वर्णन नव्हे, तें कृत्य आहे, असें त्यांनीं दाखविलें. ‘मी वचन देतों’ असें म्हणणारा मनुष्य एखाद्या वचनाचें वर्णन करीत नसतो. तो वचन देतच असतो. फ्रान्समध्यें मिशेल फूको यांनीं वेगळ्याच बाजूनें विषयास हात घातला. २ डिसेंबर १९७० रोजीं कॉलेज द फ्रान्स या संस्थेंत दिलेल्या प्रारंभिक व्याख्यानांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, कोणीं बोलावें, कशाविषयीं बोलावें आणि कोणाचें बोलणें खरें मानावें, याचे निर्बंध प्रत्येक समाजांत असतात. एक प्रवाह घरगुती बोलण्याच्या बारकाव्यांकडे वळला, दुसरा समाजाच्या सत्तारचनेकडे. १९८७ सालीं जोनाथन पॉटर आणि मार्गारेट वेदरेल यांनीं एका ग्रंथांत हीच दृष्टि मानसशास्त्रांत आणली, आणि तेव्हांपासून गुणात्मक संशोधनाची एक पद्धति म्हणून ती अनेक विद्यापीठांतून शिकविली जाऊं लागली.

गुणात्मक संशोधन म्हणजे काय, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. शंभर रोग्यांपैकीं किती जण समाधानी आहेत, हें मोजणें ही संख्यात्मक पद्धति. रोगी आपलें असमाधान कोणत्या शब्दांत मांडतो, केव्हां मांडतो, आणि मांडूं पाहतो तेव्हां त्याला कसें थोपविलें जातें, हें पाहणें ही गुणात्मक पद्धति. पहिली ‘किती’ विचारते, दुसरी ‘कसें’ विचारते. या दोघींचें वैर मानण्याचें कारण नाहीं.

या विद्येचें मर्म हार्वे सॅक्स या तरुण अमेरिकन समाजशास्त्रज्ञाच्या एका निरीक्षणांत उत्तम दिसून येतें. सॅक्स १९६३–६४ च्या सुमारास लॉस अँजेलिस येथील आत्महत्येच्या अभ्यासाच्या केंद्रांत काम करीत होते. संकटांत सांपडलेल्या माणसांचे दूरध्वनि तेथें ध्वनिमुद्रित केले जात. मानसिक रुग्णांसाठीं तातडीची सेवा देणाऱ्या एका रुग्णालयाकडे येणाऱ्या दूरध्वनींविषयीं त्यांनीं १९६४ सालच्या व्याख्यानांत सांगितलें आहे. दूरध्वनि करणाऱ्याचें नांव कळावें, अशी रुग्णालयाची इच्छा असे. अनुभव असा होता कीं, कर्मचाऱ्यानें आरंभींच आपलें नांव सांगितलें, तर समोरची व्यक्ति बहुधा आपलेंहि नांव सांगते. एका संभाषणांत मात्र तसें घडलें नाहीं. कर्मचाऱ्यानें नांव सांगितलें. पलीकडील मनुष्य म्हणाला कीं, ऐकूं आलें नाहीं. कर्मचाऱ्यानें नांव पुन्हां सांगितलें. त्या माणसानें तें उच्चारून पाहिलें आणि संभाषण पुढें गेलें. त्यानंतर नांव विचारून विचारून कर्मचारी थकला, पण तें कांहीं मिळालें नाहीं.

सॅक्स यांनीं पाहिलें तें असें: ज्या जागीं त्या माणसाचें नांव यावयाचें, ती जागाच ‘ऐकूं आलें नाहीं’ या शब्दांनीं भरून टाकली होती. त्यानें नकार दिला नाहीं. नकार द्यावा लागूं नये, अशी व्यवस्था झाली. त्याला खरोखरच ऐकूं आलें नसेल काय? असेलहि. विश्लेषकास त्याचा निकाल लावावयाचा नसतो. माणसाच्या मनांत काय होतें हें सांगण्याची घाई न करतां, त्याच्या शब्दांनीं त्या क्षणीं काय साधलें, हें दाखविणें हें त्याचें काम. नवशिक्यास सर्वांत जड जातें तें हेंच. कारण दुसऱ्याच्या मनांतलें ओळखण्याची हौस मनुष्यमात्रास असते. सॅक्स १९७५ सालीं, अवघ्या चाळिसाव्या वर्षीं, मोटार-अपघातांत निवर्तले. त्यांचीं व्याख्यानें त्यांच्या सहकारी गेल जेफरसन यांनीं संपादित केलीं आणि तीं १९९२ सालीं प्रसिद्ध झालीं.

जेफरसन यांचें दुसरेंहि मोठें काम आहे, आणि शिकणाऱ्याची पहिली परीक्षा तेथेंच होते. ध्वनिमुद्रित बोलणें कागदावर कसें उतरवावें, याची चिन्हपद्धति त्यांनीं तयार केली. दोघे एकदम बोलले तर तेवढ्या भागास चौकोनी कंस. कोणी थांबला तर किती वेळ थांबला, तें सेकंदाच्या दशांशांत. स्वर लांबविला तर विसर्गासारखीं दोन टिंबें. जोर दिला तर अधोरेखा. श्वास घेतला, हसूं फुटलें, शब्द अर्धाच राहिला, तर तेंहि. प्रथमदर्शनीं हा सर्व खटाटोप हास्यास्पद वाटतो. परंतु “तुम्ही उद्यां आमच्याकडे जेवायला याल?” या प्रश्नानंतर लगेच “हो” आलें, कीं क्षणभर शांतता होऊन मग “हो… येईन कीं” असें आलें, यांत सारा अर्थ भरलेला आहे. यजमानीण ती शांतता बरोबर ऐकते, आणि “नसेल जमत तर परवां या” असें लगेच म्हणते. शाळेंत शुद्धलेखन म्हणून जें शिकविलें जातें, त्याच्या नेमकें उलट हें लेखन आहे. तेथें अडखळणें पुसून टाकावयाचें असतें. येथें अडखळणेंच जपून ठेवावयाचें असतें. एका तासाचें बोलणें उतरविण्यास कित्येक तास लागतात. तरीहि जाणते शिक्षक हें काम दुसऱ्याकडून करून घेऊं नये असेंच सांगतात, कारण उतरवितांनाच खरें ऐकणें घडतें.

आतां वर्गाकडे वळूं या. जॉन सिंक्लेअर आणि माल्कम कूल्टहार्ड या बर्मिंगहॅम येथील विद्वानांनीं १९७५ सालीं शाळेंतील बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्गांतील संभाषण बहुतांशीं तीन पावलांचें असतें, असें त्यांना आढळलें. शिक्षक विचारतो, विद्यार्थी उत्तर देतो, आणि शिक्षक त्या उत्तरावर अभिप्राय देतो. “गोदावरी कोठें उगम पावते?” “त्र्यंबकेश्वराजवळ.” “शाबास!” यांत नवल तें काय, असें कोणीहि म्हणेल. नवल तिसऱ्या पावलांत आहे. रस्त्यांत एखाद्यास “स्टेशन कोठें आहे?” असें विचारलें, आणि त्यानें वाट दाखविल्यावर “शाबास, बरोबर!” असें म्हटलें, तर तो मनुष्य चमकेल, कदाचित् रागावेलहि. कारण ‘शाबास’ या शब्दानें असें उघड होतें कीं, विचारणाऱ्यास उत्तर अगोदरच ठाऊक होतें. तो माहिती विचारीत नव्हता, तर परीक्षा घेत होता.

ही रचना दोषाची आहे असें नाहीं; तिच्यावांचून चाळीस मुलांचा वर्ग चालणें कठीण. परंतु या तीन पावलांत मुलाच्या स्वतःच्या प्रश्नाला जागा कोठें आहे? पहिलें पाऊल शिक्षकाचें, तिसरेंहि शिक्षकाचेंच. जें मूल मध्येंच “पण नदीला सुरुवात असते असें म्हणायचें तरी कसें?” असें विचारतें, तें शिस्त मोडीत नसतें, त्याच्यासाठीं बोलण्यांत जागाच ठेवलेली नसते. एखादें मूल वर्षभर गप्प बसलें, म्हणजे तें मंदबुद्धि आहे असा शेरा प्रगतिपुस्तकांत पडतो. वर्गाचें बोलणें उतरवून पाहिल्यास त्याला बोलण्याची पाळी आली होती कीं नव्हती, हें निदान तपासून पाहतां येतें. एका शेऱ्यानें मुलाच्या आयुष्याची दिशा बदलूं शकते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या बारीक तपासणीचें मोल कळून येईल.

वृत्तपत्रांच्या बाबतींत मराठी मनुष्यास एक सोय आहे. ‘फोडणें’ आणि ‘फुटणें’, ‘पाडणें’ आणि ‘पडणें’ या क्रियापदांच्या जोड्या त्यानें लहानपणींच आत्मसात केलेल्या असतात. आई विचारते, “बरणी कोणीं फोडली?” चिरंजीव उत्तर देतात, “बरणी फुटली.” कर्ता नाहींसा करण्याची ही कला पुढें मोठेपणीं फार उपयोगीं पडते. १ जून १९७५ रोजीं ऱ्होडेशियाची तत्कालीन राजधानी सॉल्झबरी येथें पोलिसांनीं आफ्रिकन जमावावर गोळीबार केला व त्यांत माणसें ठार झालीं. तें शहर म्हणजे आजच्या झिंबाब्वेचें हरारे. लंडनच्या ‘टाइम्स’नें दुसऱ्या दिवशींच्या मथळ्यांत मेलेल्या माणसांस आधीं ठेविलें, तें दंगलखोर म्हणून, पोलीस मागाहून आले, तेहि कर्मणि रचनेंत. ‘गार्डियन’च्या मथळ्याचा आरंभच पोलिसांपासून होता. ‘टाइम्स’च्या अग्रलेखांत तर गोळी झाडणारे उरलेच नाहींत, उरली ती दंगल आणि झालेली प्राणहानि. टोनी ट्रू यांनीं १९७९ सालच्या ‘लँग्वेज अँड कंट्रोल’ या ग्रंथांत ही तुलना बारकाईनें केली आहे. एकाहि पत्रानें खोटी बातमी दिली नाहीं, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. खोटें न बोलतां दोष कसा सरकवितां येतो, हें तेथें दिसतें.

शास्त्रज्ञहि यांतून सुटलेले नाहींत. नायजेल गिल्बर्ट आणि मायकेल मल्के यांनीं जीवरसायनशास्त्रज्ञांच्या मुलाखती घेतल्या व त्यांचे निबंधहि अभ्यासिले. त्यांचा ग्रंथ १९८४ सालीं निघाला. आपला सिद्धान्त कसा सुचला हें सांगतांना शास्त्रज्ञ म्हणत, प्रयोगानें तसें दिसून आलें; जणु पुरावाच स्वतः बोलत होता. प्रतिस्पर्धी चुकला कसा हें सांगतांना मात्र त्याचा हट्ट, त्याची महत्त्वाकांक्षा, त्याची पूर्वपीठिका हीं पुढें येत. आपलें यश सत्यामुळें, आणि दुसऱ्याची चूक स्वभावामुळें, हा हिशेब घरोघरच्या भांडणांत ऐकूं येतोच. विश्लेषक येथें ‘यांतील खरें कोणतें?’ असें विचारीत नाहीं. तो विचारतो, ‘कोणत्या प्रसंगीं कोणती भाषा वापरली जाते, आणि तिनें काय साधतें?’

संभाषिताकडे असें पाहणें भारतीयांस सर्वस्वी अपरिचित आहे, असें नाहीं. ‘सूर्य मावळला’ या एकाच वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याप्रमाणें बदलतो, याचा ऊहापोह संस्कृत अलंकारशास्त्रांत झालेला आहे. एखाद्या ग्रंथाचें तात्पर्य कसें ठरवावें, यासाठीं मीमांसकांनीं आरंभ व शेवट, पुनरुक्ति, नवीनता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति अशा कसोट्या सांगितल्या. लोकमान्य टिळकांनीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’ंत याच कसोट्या गीतेला लावल्या आहेत. एखादें वाक्य सुटें उचलून अर्थ करूं नये, तें कोणत्या जागीं आलें आहे हें पाहावें, हा धडा मीमांसकांचाहि आणि सॅक्स यांचाहि. भेद इतकाच कीं, मीमांसक ग्रंथाचें तात्पर्य शोधतो, आणि आधुनिक विश्लेषक चहाच्या आमंत्रणाकडेहि तितक्याच आदरानें पाहतो.

शिकणाऱ्याच्या हातून दोष कोणते घडतात? इंग्लंडांतील लफबरो विद्यापीठाच्या चार विद्वानांनीं, म्हणजे अंटाकी, बिलिग, एडवर्ड्‌स आणि पॉटर यांनीं, २००३ सालीं त्यांची यादीच दिली. पहिला दोष नुसता सारांश लिहिण्याचा. दुसरा बोलणाऱ्याची बाजू घेण्याचा किंवा त्याला दटावण्याचा. तिसरा लांबलचक उतारे देऊन गप्प बसण्याचा. चौथा असा कीं, लोकांच्या बोलण्यावरून एखादी विचारसरणी ‘सांपडली’ म्हणावयाचें, आणि लोक असें कां बोलतात म्हणून विचारल्यास त्याच विचारसरणीकडे बोट दाखवावयाचें. हा तर घाण्याच्या बैलाचा प्रवास. पांचवा दोष चार माणसें ऐकून साऱ्या समाजाविषयीं बोलण्याचा. सहावा दोष केवळ खुणा मोजण्याचा: येथें रूपक आहे, येथें विराम आहे, इत्यादि. विराम आहे हें सांगणें म्हणजे विश्लेषण नव्हे. त्या विरामानें तेथें काय घडविलें, हें दाखविणें म्हणजे विश्लेषण.

मग अर्थ बरोबर लागला, हें ओळखावें कसें? सर्वांत विश्वासू साक्षीदार म्हणजे ऐकणाराच. एका वाक्याचा अर्थ पुढच्या वाक्यावरून तपासतां येतो. “खिडकी उघडी आहे वाटतें” असें एकजण म्हणाला आणि दुसरा उठून खिडकी लावूं लागला, तर त्यानें तें वाक्य विनंति म्हणून ऐकलें, हें उघड आहे. दुसरी कसोटी अपवादाची. जेथें आपला नियम मोडलेला दिसेल, तो उतारा लपवूं नये. उलट तोच पुढें मांडावा. तिसरी कसोटी अशी कीं, मूळ उतारा वाचकासमोर ठेवावा, म्हणजे त्याला न पटल्यास तो तसें म्हणूं शकेल.

अशा बारीक निरीक्षणाचा व्यवहारांत उपयोग काय, असें कोणी विचारील. त्यास एक उदाहरण पुरेसें आहे. रोगी डॉक्टरांकडे बहुधा एकाहून अधिक तक्रारी घेऊन येतो, आणि त्यांतली एखादी सांगावयाची राहून जाते. अमेरिकेंतील डॉक्टर शेवटीं जो प्रश्न विचारतात, त्यांत ‘एनिथिंग’ हा शब्द असतो. इंग्रजी भाषेंत तो नकाराकडे झुकलेला आहे. ‘समथिंग’ हा होकाराकडे. जॉन हेरिटेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २० डॉक्टर व २२४ रोगी घेऊन ही गोष्ट तपासली. निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या डॉक्टरांनीं ‘समथिंग’ वापरला, त्यांच्या रोग्यांच्या राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनीं कमी झाल्या. ‘एनिथिंग’ वापरून मात्र म्हणण्याजोगा फरक पडला नाहीं. ‘कसें’ या प्रश्नानें वाट दाखविली, आणि ‘किती’ या प्रश्नानें ती पडताळून पाहिली. न सांगितलेली तक्रार कधीं क्षुल्लक असते. कधीं तीच प्राणाशीं गांठ घालणारी असते.

हा निष्कर्ष जसाच्या तसा मराठींत आणतां येणार नाहीं, हेंहि येथेंच नमूद केलें पाहिजे. मराठींत तशी शब्दांची जोडी नाहीं. “आणखी कांहीं?” हा प्रश्न दोन्ही अर्थांनीं विचारतां येतो, आणि भेद पडतो तो स्वरानें, किंवा ‘का’ आणि ‘ना’ अशा इवल्याशा अव्ययांनीं. “आणखी कांहीं नाहीं ना?” असें विचारल्यावर “नाहीं” याखेरीज दुसरें उत्तर देण्यास धैर्य लागतें. तेव्हां मराठी दवाखान्यांत काय घडतें, हें मराठी दवाखान्यांतच ऐकावें लागेल. ज्यास ही विद्या शिकावयाची आहे, त्याच्यासमोर स्वतःच्या भाषेचें अफाट क्षेत्र पडलेलें आहे.

आरंभ लहान असावा. ज्यांचें बोलणें मुद्रित करावयाचें, त्यांची संमति अगोदर घ्यावी; नांवें बदलावीं; कोणास ओळखतां येईल असा तपशील गाळावा. परक्याचें बोलणें ही ठेव आहे, ती मालमत्ता नव्हे. पांच मिनिटांचा एक प्रसंग निवडावा. तो पुन्हां पुन्हां ऐकावा आणि स्वतःच्या हातानें उतरवावा. मग प्रत्येक ओळीशीं थांबून चार प्रश्न विचारावे: हें वाक्य कोणत्या वाक्यानंतर आलें? त्याऐवजीं दुसरें काय म्हणतां आलें असतें? ऐकणाऱ्यानें तें काय म्हणून घेतलें? आणि येथें काय बोलण्यास जागाच उरली नाहीं? आपला निष्कर्ष दुसऱ्या दोन जाणत्या माणसांना उताऱ्यासह दाखवावा, आणि त्यांनीं हरकत घेतल्यास उतारा पुन्हां ऐकावा.

हें करीत असतां शिकणाऱ्याच्या स्वभावांतहि पालट होतो, असें दिसून येतें. दुसऱ्याचें बोलणें संपण्यापूर्वींच त्याचा अर्थ ठरवून टाकण्याची संवय सुटूं लागते. घरांतील वृद्ध “कांहीं नको मला” असें म्हणतात, त्याच्या आधीं त्यांना काय विचारलें गेलें होतें, आणि कोणत्या शब्दांत, इकडे त्याचें लक्ष जाऊं लागतें.